आधी बारीक कंपाउंड

रंग वाळायला वेळ लागतो आणि तो वाळेपर्यंत त्याला हात लावायचा नसतो. मग चार माणसं काय करणार? बोलणार! आमच्याकडे किस्से साठले ते असे.

वारंगा फाट्यावर सलीमभाईंचं ट्रक रंगवायचं पत्र्याचं शेड होतं. दर रविवारी आम्ही तिथं तळहातावर मावतील अशा गाड्या बनवत बसायचो. मी जवळा बाजारला शाळेत चित्रकला शिकवायचो, कांबळे डॉक्टरांचा हिंगोलीत दातांचा दवाखाना, आणि राठोड एसटीत कंडक्टर. पुढं रस्ता रुंद झाला आणि शेड गेलं. आता फाट्यावरून जाताना मी एसटीच्या पलीकडच्या खिडकीकडे तोंड करून बसतो.

*

आमचा सगळा जीव चकाकीत. रंग मारणं सोपं. नंतर पॉलिश पेपर पाण्यात भिजवून घासायचं, मग कंपाउंड, म्हणजे चकाकी आणणारी रवाळ पेस्ट, लावून मऊ फडक्यानं चोळायचं, तेव्हा कुठं आरसा होतो. सलीमभाईंची परीक्षा एकच होती. बॉनेट डोळ्यांसमोर धरायचं, त्यात आपली मिशी दिसली तर पास.

राठोडनं एकदा तक्रार केली, "भाई, मला मिशीच न्हाई."

"मग आधी ती वाढवा," सलीमभाई म्हणाले. "घाई काहून करून राहिले?"

राठोडनं खरंच मिशी वाढवली. कारण कळल्यावर त्याची बायको दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही.

*

माझी फजिती दंतमंजनाची. टूथपेस्टनं मॉडेल चकाकतं, असं मोबाईलवर कुणीतरी दाखवलं होतं. घरातली टूथपेस्ट नेमकी संपलेली, म्हणून मी लाल दंतमंजन पाण्यात कालवून पांढऱ्या मोटारीवर चोळलं. दारांच्या फटी गुलाबी झाल्या त्या कायमच्या.

मी ती मोटार मुकाट्यानं डॉक्टरांपुढे ठेवली. त्यांनी चष्मा लावला, चारी दारं उघडून बघितली आणि गंभीरपणे म्हणाले, "हिरड्या चांगल्या आहेत."

*

डॉक्टर तरी कुठं कमी होते? दात चकाकवायची पेस्ट आणि ती लावायची फिरती रबरी वाटी ते मॉडेलवर वापरायचे. एकदा पेशंट नाही असं समजून दवाखान्यात जीप पॉलिश करत बसले होते. औंढ्याहून आलेली एक आजी केव्हाची दारात उभी.

"आजी, बसा. झालंच माझं."

"होऊ द्या," आजी म्हणाली. "त्याला जास्त तकलीफ दिसून राहिली."

*

सलीमभाईंचा नियम ठरलेला होता. आधी बारीक कंपाउंड. "ट्रकवर रंगाचे थरावर थर असतात," ते सांगायचे. "तुमच्या गाडीवर कांद्याच्या सालाएवढा रंग. बारीकानं काम होत असंल तर जाडाला हात लावू नका. अन् कडांना आधी चिकटपट्टी मारा. रंग पहिले कडंवरून जातो."

एकदा एक ट्रकमालक रंगाची छटा चुकली म्हणून तावातावानं भांडायला आला. सलीमभाईंनी त्याला खुर्ची दिली, पाणी दिलं, यंदा सोयाबीन कसं आहे ते विचारलं. अर्ध्या तासानं तो हसत निघून गेला. राठोडला ते काही पटलं नाही. म्हणाला, "भाई, चार शब्द सुनवायचे होते त्याला."

"जाडाचा डबा हायच की," सलीमभाई म्हणाले. "बारीकावर भागलं."

*

आता शेवटचा. हा मी फारसा सांगत नाही, कारण त्यात चूक माझी आहे.

राठोडच्या वडिलांना सगळे बापू म्हणत. त्यांनी तीस वर्षं एकाच मालकाचा हिरवा ट्रक चालवला, जवळा बाजारचा कापूस वाहिला. काचबिंदूनं त्यांची नजर महिन्यागणिक कमी होत चालली होती. थोडं दिसतंय तोवर त्यांच्या हातात त्यांचा ट्रक द्यायचा, म्हणून राठोड आठ महिने त्या मॉडेलवर राबला.

शेवटचं पॉलिश मी मागून घेतलं. माझा हात हलका, हा माझाच समज. ड्रायव्हरच्या दारावर एक ओरखडा काही जाईना, म्हणून मी जाड कंपाउंड घेतलं. चिकटपट्टी मारायची विसरलो. दोनदा फडकं फिरवलं आणि खिडकीच्या कडेचा हिरवा रंग गेला. खालचा करडा प्रायमर उघडा पडला.

कुणी मला एक शब्द बोललं नाही. त्याचाच जास्त त्रास झाला. पुन्हा रंगवून तो कडक व्हायला पंधरा दिवस लागले असते, आणि तांड्यावर बापू सकाळी दाढी करून, धुतलेलं धोतर नेसून वाट बघत बसले होते. राठोड म्हणाला, "चला. जसा हाय तसा."

बापू बाजेवर बसले होते. त्यांनी ट्रक डोळ्यांच्या अगदी जवळ नेला. मग बोटानं चाचपू लागले. बॉनेट, काच, टप. बोट ड्रायव्हरच्या दारावर आलं आणि त्या कडेवर थांबलं.

मला राहवलं नाही. "बापू, तिथं माझ्या हातून…"

"हे कोणी सांगितलं तुमाला?" बापूंनी विचारलं.

आम्ही चौघं एकमेकांकडे बघू लागलो.

"हितं माझं कोपर असायचं," ते म्हणाले. "मालक दरसाली रंग मारायचा अन् मी दरसाली घासून उडवायचो. लई बोलायचा तो." त्यांचं बोट त्या कडेवरून पुन्हा पुन्हा फिरत होतं. "बराबर हितंच."

मी तोंड उघडणार तेवढ्यात सलीमभाईंनी माझ्या पायावर पाय ठेवला.

बापूंनी ट्रक मांडीवर घेतला, उजवं कोपर बाजेच्या कडेवर टेकवलं आणि म्हणाले, "बसा. फाट्यापर्यंत सोडतो."