सतराव्या रकान्यातली रेघ

पोरगी सही करणार नाही, हा एकच घोर सकाळपासून आईच्या जिवाला लागला होता. भांडी घासताना तोच, कपडे वाळत घालताना तोच. माफीपत्र साखरेच्या डब्याखाली दाबून ठेवलं होतं. नोंदणी कचेरीच्या साहेबांनी ते स्वतः टाइप करून पाठवलं होतं, आणि साहेब माणूस वाईट नव्हता. चारच ओळी होत्या. माझ्याकडून अधिकाराबाहेर वर्तन झालं, मी दिलगीर आहे, त्या एकसष्ट नोंदी रद्द समजाव्यात, पुढे असं होणार नाही. खाली सहीची जागा. सही झाली की उद्याची चौकशी पाच मिनिटांत आटोपणार आणि पोरगी पुन्हा आपल्या खुर्चीवर बसणार.

"चार ओळींनी काय झिजणार आहे तुझं?" आईने काल जेवताना विचारलं होतं.

"माझं काहीच नाही. त्या एकसष्ट जणींचं झिजेल," पोरगी म्हणाली आणि आणखी वाढून घेतलं. पोटभर जेवली. आईला त्याचाच जास्त राग आला. निदान घास तरी अडकायला हवा होता.

पोरगी लहानपणापासून अशीच. बाप गेला तेव्हा ती सहा वर्षांची होती. आई सरकारी छापखान्यात प्रूफं तपासायची आणि शाळा सुटली की पोरगी तिथेच टेबलाखाली बसून अभ्यास करायची. तिच्या वह्यांना कव्हरं असायची ती जुन्या प्रुफांची. वर्गातल्या मुलींच्या वह्यांवर फुलं आणि मांजरं, हिच्या वहीवर पाणीपट्टीचा नियम नाहीतर जनावरांच्या बाजाराची जाहीर सूचना. ती ते सगळं वाचायची. आठव्या वर्षी शेजारणीला पुढ्यात बसवून तिने सांगितलं होतं, "काकू, गटार आठवड्यातून दोनदा साफ करायचा नियम आहे. मी वाचलाय." शेजारीण हसली, पण नगरपालिकेत गेली, आणि गटार साफ झालं.

पुढे परीक्षा देऊन ती विवाह नोंदणीत लागली. दुसऱ्या मजल्यावर खिडकीशी तिचं टेबल, समोर नवऱ्या मुलासाठी एक आणि नवरीसाठी एक अशा दोन खुर्च्या, आणि बाकी वऱ्हाडासाठी भिंतीला लागून एक बाक, तोही मुद्दाम लांब ठेवलेला. तिच्या स्वतःच्या लग्नाचा विषय काढला की म्हणायची, "वर्षाला चारशे लग्नं माझ्या हातून होतात, आई. आणखी एकाची काय घाई आहे?"

कचेरीत तिचं नाव पडलं होतं सतरावाली. का, ते सांगायला हवं.

निकाह हा मुळातच करार, आणि त्यात बाईला स्वतःच्या अटी घालायची मुभा धर्मशास्त्रानेच दिलेली. बावीस वर्षांपूर्वी, देशात पहिल्यांदा नीट निवडून आलेल्या कायदेमंडळाने उलेमांना, म्हणजे धर्मपंडितांना, शेजारी बसवून या कराराचा छापील नमुना ठरवला. त्यातला सतरावा रकाना होता वधूच्या अटींसाठी. पण कचेऱ्यांत जे छापील अर्ज आले त्यांत या रकान्यावर एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात एक काळी तिरपी रेघ होती. रकाना बंद. नवरीने विचारलं तर कारकून रेघेवर बोट ठेवायचे, आणि विषय संपायचा.

दीड वर्षापूर्वी एका नवरीने विचारलं, "ही रेघ कुणी मारली, ताई?" "पाहून सांगते," पोरगी म्हणाली. ती तीन दिवस दप्तरखान्यात धूळ खात बसली आणि मूळ राजपत्र शोधून काढलं. त्यात सतरावा रकाना कोरा होता. रेघ नव्हतीच. त्या दिवसापासून ती प्रत्येक नवरीला बाकापासून दूर खिडकीशी न्यायची आणि पेन हातात देऊन विचारायची, "सतरावा वाचलास का? काही लिहायचंय?"

बहुतेक जणी नाही म्हणायच्या. एकसष्ट जणींनी लिहिलं. कुणी लिहिलं, शिक्षण पूर्ण करू द्यायचं. कुणी, वेगळं व्हायचा हक्क मलाही. एकीने लिहिलं, सासूबाईंसमोर माझ्या वजनावर बोलायचं नाही. पोरीने तेही गंभीर चेहऱ्याने नोंदवलं.

एकदा एका नवरदेवाचे काका बाकावरून कडाडले होते. "लग्नाच्या दिवशी वेगळं व्हायची भाषा? शोभतं का, बाई?"

"काका, तुमचं दुकान भागीदारीत आहे ना?" तिने विचारलं. "करारात वेगळं व्हायचं कलम आहे?"

"आहे."

"मग झालात वेगळे?"

मागून काकांचीच बायको म्हणाली, "झाले की. गेल्या वर्षी धाकट्या भावजींपासून. कलम होतं म्हणून डोकी फुटली नाहीत."

सगळा बाक हसला. पण असं हसणं अंगाशी येतं. कुणीतरी वर लेखी तक्रार केली की ही बाई छापील कायद्याविरुद्ध नवऱ्या मुली बिघडवते. पाच जणांची समिती नेमली गेली. दोन उलेमा, दोन निवडून आलेले सभासद आणि एक न्यायाधीश. पोरीला घरी बसवलं गेलं, आणि त्या एकसष्ट अटी राहतात की जातात, हेही ते पाच जण उद्याच ठरवणार होते.

आज दुपारी मौलवीसाहेब आले. समितीतल्या दोन उलेमांपैकी ते एक. पोरीला लहानपणी त्यांनीच अक्षरं शिकवली होती. उद्या ज्यांच्यापुढे उभं राहायचं ते आदल्या दिवशी घरी यावेत हे नियमात बसतं का, असं पोरीने दारातच विचारलं. "मी चहाला आलोय," ते म्हणाले. "चहाला नियम नाही." आणि बसले.

"तुझा हेतू चांगला आहे, पोरी," त्यांनी सुरुवात केली. "अट घालायला शरियतची मनाई नाही, हे मी उद्या सगळ्यांसमोर सांगेन. कुठली अट टिकते, कुठली नाही, यावर आम्ही भांडू. ते भांडण जुनंच आहे आमचं. पण रेघ सरकारची आहे."

"साहेब म्हणतात उलेमांनी मारायला लावली."

"आम्ही? आम्हाला तर सांगितलं होतं की कायदेमंडळात मतदान झालं."

"कधी झालं?"

मौलवीसाहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "तारीख काही माहीत नाही मला."

"राजपत्रात रकाना कोरा आहे, मौलवीसाहेब."

"पाहिलं मी. पण राजपत्रानंतरही ठराव होतात. बावीस वर्षं एखादी गोष्ट छापली जाते, ती उगाच? दोन्ही बाजूंनी बसून कधीतरी तडजोड केलेली असणार. बाहेर ऐकतेस ना तू? एक टोळकं म्हणतं, माणसांनी हात वर करून केलेला कायदा निकाहाला लागूच नाही. दुसरं म्हणतं, सरकारी कागदात धर्माचा शब्दच नको. दोघांनाही वाटतं की धर्म आणि कायदा एका घरात नांदूच शकत नाहीत. आमच्यासारखे म्हातारे त्यांना खोटं पाडत आलेत ते असल्या तडजोडींवरच. झालेली तडजोड मी मोडणार नाही."

"आणि झालीच नसेल तर?"

"तर मी स्वतः त्या रेघेवर काट मारीन. मग उलट सोपं आहे. शास्त्राने जागा ठेवली, कायद्याने जागा ठेवली, भांडण कशाचं? पण दाखवायला हवं कुणीतरी. रेघ काही आकाशातून पडली नाही."

पोरीने आईकडे पाहिलं. "आई, हा अर्ज तुमच्याच छापखान्यात छापला ना? तुझ्या हातून गेला होता का?"

आई कपबशा गोळा करत होती. "दिवसाला पन्नास कागद जायचे डोळ्यांखालून," ती म्हणाली. "कोण लक्षात ठेवतं."

पोरीने मान डोलावली. आई खोटं बोलत नाही, हे तिला पहिल्यापासून माहीत होतं.

मौलवीसाहेब गेले. पोरीनेही चपला चढवल्या. सासूबाई-वजनवाली नवरी सकाळपासून तीनदा फोनवर रडली होती, तिला भेटून यायचं होतं. दारातून वळून ती म्हणाली, "तू घाबरू नकोस. नोकरी गेली तर तुझ्यासारखी प्रूफं तपासेन."

पावलं जिन्यावरून खाली गेली. आईने दार लावलं, पलंगाखालची पत्र्याची पेटी ओढली आणि तिच्या तळातून पोरीची तिसरीच्या गणिताची वही काढली.

वहीचं कव्हर पिवळं पडलं होतं. आत दुमडलेला भाग तिने हलक्या हाताने उलगडला. निकाहनाम्याचं पहिलं प्रूफ. सतरावा रकाना, त्यावर तिरपी रेघ, आणि समासात तिच्याच अक्षरात, लाल शाईत प्रश्न: ही रेघ ठेवायची का? त्या प्रश्नावर काट. काटही तिचीच. खाली तिची आद्याक्षरं आणि तारीख.

ती काहीही विसरली नव्हती. नोंदणी कचेरीने नमुना पाठवला होता, अर्ज कसा भरायचा हे दाखवायला कुणा कारकुनाने खोट्या नावांनी भरलेला. जुन्या कारकुनांची सवय अशी, की जिथे काही लिहायचं नाही तिथे रेघ मारून टाकायची, म्हणजे मागाहून कुणी भर घालायला नको. नमुन्यातल्या खोट्या नवरीची काही अट नव्हती, म्हणून त्याने सतराव्यात रेघ मारली. छापखान्यात अक्षरजुळणी करणाऱ्याने नावं गाळली आणि रेघ मात्र अर्जाचाच भाग समजून तशीच घेतली. तिला शंका आली. ती प्रूफ घेऊन छापखान्याच्या मुख्य साहेबांकडे गेली. साहेबांनी मान वर न करता सांगितलं, "नमुन्यात आहे ना? मग ठेवा. चाळीस हजार प्रती उद्या निघायच्या आहेत." राजपत्र चार पावलांवरच्या कपाटात होतं. ते काढून पाहायचं काम तिचं होतं. संध्याकाळ झाली होती, पोरगी टेबलाखाली पेंगत होती. तिने प्रश्नावर काट मारली.

कुणी मतदान केलं नव्हतं, कुणी फतवा काढला नव्हता. मग बावीस वर्षं मशिदीने म्हणायचं की रेघ सरकारची, सरकारने म्हणायचं की मशिदीची, आणि दोघांनीही एकमेकांची मर्जी सांभाळायला ती राखायची.

एवढंच असतं तर कदाचित ती अजूनही मूग गिळून बसली असती. पण धाकट्या बहिणीचं लग्न याच अर्जावर लागलं होतं. बहिणीला लिहायचं होतं की नर्सचा अभ्यासक्रम पुरा करणार. तेव्हाच्या कारकुनाने रेघेवर बोट ठेवलं. बहीण तिच्याकडे वळून म्हणाली होती, "ताई, तू छापखान्यात आहेस. खरंच बंद आहे का गं हे?"

आणि ती म्हणाली होती, "छापलंय म्हणजे असेलच."

अभ्यासक्रम सुटला. त्या घरातून सुटायला बहिणीला सात वर्षं कोर्टाच्या पायऱ्या झिजवाव्या लागल्या. आज ती दवाखान्यातच कामाला आहे, चादरी धुण्याच्या खात्यात.

भिंतीवर छापखान्याने निवृत्तीच्या दिवशी दिलेलं घड्याळ होतं. तबकडीखाली पितळी पट्टी, तिच्यावर कोरलेलं: तीस वर्षांच्या निर्दोष सेवेबद्दल. पावणेपाच वाजत आले होते. चौकशीच्या नोटिशीत लिहिलं होतं, साक्षीदारांची नावं आदल्या दिवशी पाच वाजेपर्यंत चिटणिसांना कळवावीत.

तिने मनाशी हिशेब केला तो घाबरट बाईचा. उद्या कुणी विचारेल, तेव्हाच का बोलला नाहीत? कुणी म्हणेल, लेकीला वाचवायला म्हातारीने कागद पैदा केला. शाईच्या वयाची तपासणी होईल, तिच्या वयाची होईल. वर्तमानपत्रात नाव येईल. आणि एकसष्ट जणींच्या आधीच्या किती तरी जणी दारात येऊन उभ्या राहतील, त्यांना काय सांगायचं? बहिणीला काय सांगायचं? समितीपेक्षा ते अवघड होतं. तिला आज रात्रीच सांगायला हवं, दुसऱ्या कुणाच्या तोंडून कळण्याआधी.

पण आधी पाचच्या आतलं काम.

ती स्वयंपाकघरात गेली. साखरेच्या डब्याखालून माफीपत्र काढलं, उभ्यानेच एकदा वाचलं. तिसऱ्या ओळीत 'एकसष्ट नोंदी रद्द समजाव्यात' याच्यापुढे, कामाची जुनी सवय म्हणून, समासात एक प्रश्नचिन्ह केलं. या वेळी त्यावर काट मारली नाही. कागद चौघडी करून वहीत ठेवला, प्रुफाच्या शेजारी. उद्या दोन्ही सोबत न्यायचे.

मग नोटीस घेऊन ती फोनपाशी बसली. नंबर फिरवला तो चुकला. कुठल्याशा गॅरेजमधला माणूस "बोला, कुठली गाडी?" म्हणाला. तिने "माफ करा" म्हणून ठेवला. काय बोलायचं ते एकदा मोठ्याने म्हणून पाहिलं: "उद्याच्या चौकशीत मला साक्ष द्यायची आहे. ती रेघ कुठून आली ते मला माहीत आहे. माझ्या हातून आली."

वाक्य बरोबर होतं. त्यात बदलण्यासारखं काही नव्हतं.

घड्याळात पाच वाजायला नऊ मिनिटं होती. तिने चष्मा लावला, नोटिशीवरच्या आकड्यांखाली बोट धरलं आणि प्रूफ वाचायची तशी, एकेक आकडा ओठांतल्या ओठांत म्हणत, नंबर पुन्हा फिरवायला घेतला.