शिकेकाईचा चोथा
शिकेकाई उकळल्याचा वास आला की मला गेवराईचे पाहुणे आठवतात. ते मला बघायला येणार म्हणून आईनं शिकेकाई, रिठे अन् मेथ्या उकळून माझं डोकं धुतलं होतं. लाईट नव्हती, म्हणून सगळं खलबत्त्यात जाडंभरडंच कुटलेलं. पोहे खाताना मुलाची आत्या म्हणाली, "वेणी सोड बरं बाई. गंगावन तर न्हाई ना?" ती केस चाचपायला लागली, तसा केसांत अडकलेला चोथा तिच्याच बशीत पडला. सगळे हसले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आई पदरानं तो टिपत म्हणत राहिली, "घरचंच हाय, लई चांगलं असतंय." परवा आम्ही लेकासाठी मुलगी बघायला गेलो. तिच्या केसांना तोच वास होता. जाऊबाई म्हणाल्या, "वेणी सोड, बाळा." पोरीनं सोडली, अन् मीही हात पुढं करून तिचे केस चाचपले.