अठरापैकी अठरा

नाशिकच्या एका धर्मादाय रुग्णालयात मी व्यवसायोपचार करत होते. तिथे माझ्या कामावर देखरेख दर शनिवारी होई. मी रजिस्टर घेऊन विभागप्रमुखांच्या खोलीत जायचे. सरांच्या डाव्या हातात चहाचा कप आणि उजव्या हाताने सही. एकदा मी चुकून धोब्याची वही पुढे केली. तिच्यावरही 'पाहिले, योग्य' असा शेरा पडला. धोब्याने तो महिनाभर सगळ्यांना दाखवला.

आजाराने किंवा अपघाताने माणसाचं जे रोजचं काम अडतं, ते त्याला पुन्हा करता यावं, हे माझं काम. माझ्या नातेवाइकांना मी नोकऱ्या लावून देते असं वाटायचं. सर हाडांचे डॉक्टर. त्यांना मी नेमकं काय करते असं वाटायचं, ते विचारायचा धीर मला झाला नाही.

दोन हजार सालानंतर कधीतरी रुग्णालयाला दर्जाचं प्रमाणपत्र मिळवायची हौस आली आणि आमच्या विभागात मानकांची जाड फाईल आली. त्यात हाताच्या रुग्णांसाठी अठरा कामांची यादी होती. चमच्याने खाणे, शर्टाची बटणे लावणे, काट्या-सुरीने कापणे, चेकवर सही करणे. एका कामाला एक गुण. अठरा भरले की रुग्ण बरा. याद्यांवर माझा जीव आहे. वाणसामानाचीसुद्धा मी कोरडं आणि ओलं अशी वेगळी करते. पण ही यादी करणाऱ्याने भाकरी थापणारा हात कधी पाहिला नसावा. आणि यादीबाहेरचं काही उपचारात धरायचं नाही, असा सरांचा हुकूम.

त्या वर्षी जूनमध्ये हरसूलकडची एक चाळिशीची बाई आली. लाकडं तोडताना उजव्या तळहातावर कोयता बसला होता. ऑपरेशनला तीन महिने होऊन गेले होते, तरी मूठ वळत नव्हती. पहिल्याच दिवशी मी विचारलं, "काय करता आलं पाहिजे तुम्हाला?"

"रोप उपटायला. आवणीला दोघंच हाय आम्ही, मी आन् मालक. हात नाय चालला तर रान पडीक जाईल."

भाताचं रोप मुठीत धरून उपटायचं, जुड्या बांधायच्या, मग चिखलात लावायचं, ही आवणी. ती महिन्यावर आली होती आणि बाईच्या वाट्याला उपचाराच्या बारा बैठका. मी घमेल्यात माती भिजवली, त्यात गवत रोवलं आणि तिला उपटायला लावलं. तीन बैठकांत बोटं आत यायला लागली. चौथीला सर दारात उभे.

"मॅडम, हे काय? पाहणी व्हायचीय आपली. उद्या म्हैस आणून बांधाल."

"सर, हे तिचं काम आहे."

"यादीत कितवं?"

यादीत नव्हतं. घमेलं बाहेर गेलं आणि फळी आली. फळीवर शर्टाचा पुढचा भाग ठोकलेला, त्याला सहा बटणं.

"बाई, सदरा कोनाचा हा?"

"कोणाचा नाही. फळीचाच."

"मंग फळीला थंडी वाजते व्हय?"

मला हसू आलं, पण बटणं मी लावून घेतलीच. उरलेल्या नऊ बैठका बटणं, चमचा आणि काटा-सुरी यांत गेल्या. तिने काट्या-सुरीने केळ्याचे काप केले आणि ते हाताने खाल्ले. चेकचा प्रश्न होता, कारण ती अंगठा उठवायची. पेनाने एक रेघ ओढून घेतली आणि गुण दिला. बाराव्या बैठकीला अठरापैकी अठरा. खाली माझी सही.

"बाई, मूठ नाय वळत पुरी," ती म्हणाली. "रोप निसटंल. आजून चार दिस द्या ना."

मी सरांकडे गेले. ते म्हणाले, "बऱ्या झालेल्या रुग्णाला उपचार? आपला पहिला पूर्ण गुणांचा रुग्ण आहे हा, मॅडम. बिघडवू नका."

फाईलच्या शेवटच्या पानावर नियम होता: गुण कमी भरल्यास चार बैठका वाढवून मिळतील. ते पान सगळ्या रुग्णालयात मी एकटीने वाचलं असणार. दुसऱ्या दिवशी मी तिला पुन्हा बोलावून घेतलं आणि सरांना सांगितलं, फेरतपासणीत बटणांचा गुण गेला. आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा सर म्हणाले, "मला दाखवा."

मी धावत येऊन तिला पढवलं. बटण येत नाही असं करायचं.

"येतं ते येत नाय म्हनायचं? आन् येत नाय ते तर कोनी इचारीतच नाय."

सर आले. तिने फळी उलटी धरली, बटण काजाच्या भलतीकडेच नेलं आणि "आई गं" म्हणून कण्हली. इतका वाईट अभिनय मी शाळेच्या गॅदरिंगलाही पाहिला नव्हता. सरांना राहवेना. ते स्टूल ओढून बसले. "असं नाही मावशी, अंगठा इकडे." आणि त्यांनी तिचा हात हातात घेतला. तळवा दाबून पाहिला. "मूठ वळा बघू."

मूठ अर्ध्यावर थांबली. हा अभिनय नव्हता.

सर माझ्याकडे वळले. "मॅडम, या हाताला अठरा गुण कोणी दिले?"

माझी सही समोरच होती. मी दिले, म्हटलं.

"देखरेख नसली की असं होतं," सर म्हणाले. "चार बैठका वाढवा. आणि बटणांवर जोर द्या."

चारही दिवस मी रजिस्टरमध्ये 'बटणे' असं लिहिलं आणि तिला घेऊन रुग्णालयामागे चिखलात बसले. चौथ्या दिवशी तिने मूठभर गवत मुळासकट उपटलं, सैल धरलं, पुन्हा आवळलं. करंगळी अजून बाहेरच राहत होती.

"चालंल," ती म्हणाली. "करंगळीचं काम मालकाला देईन."