देईल आणि देता येईल

माझी भाची विद्यापीठाच्या विधी विभागात करारांचा कायदा शिकवते. मुलांनी तिचं नाव 'अवलंबून मॅडम' ठेवलं आहे. काहीही विचारलं तरी उत्तर ठरलेलं: "ते अवलंबून आहे. कशावर, ते तू सांग." मग तो मुलगा काहीतरी सांगतो, ती त्यावर दुसरा प्रश्न टाकते, आणि तास संपतो तेव्हा निम्मा वर्ग एकमेकांवर ओरडत असतो.

हे ऐकीव नाही. गुडघ्याच्या व्यायामासाठी मला विद्यापीठामागच्या दवाखान्यात जावं लागतं. ती मला स्कूटरवरून नेते. आधी तिचा तास, नंतर माझा गुडघा. तोवर मी वर्गाबाहेरच्या बाकावर बसतो. दाराची बिजागरी खचली आहे, त्यामुळे दार नीट लागत नाही आणि आतलं सगळं ऐकू येतं.

तिचे वडील लवकर गेले. बहीण तिला घेऊन माझ्याकडेच राहायला आली. पोरीला लहानपणापासून एका जागी बसणं ठाऊक नाही. अभ्यास फिरत, जेवण उभ्यानं. वकील झाली तेव्हा सगळा युक्तिवाद पाठ करून जायची. पहिल्याच मोठ्या दाव्यात न्यायाधीशांनी मध्येच थांबवून एक साधा प्रश्न विचारला. पाठ केलेल्यात तो नव्हता. ती नुसती उभी राहिली. अशील शिवणकाम करणारी बाई होती. तिचा दुकानाचा गाळा गेला. त्यानंतर भाचीचं कोर्टात मन लागेना. शिकवायला लागली तेव्हा म्हणाली, "माझ्या वर्गातलं कुणी असं गप्प उभं राहता कामा नये."

मुलांना मात्र हे नको होतं. सत्र संपताना विद्यार्थी समाधानाची पाहणी होते. मुलं फोनवरच शिक्षकांना गुण देतात. तिच्याबद्दल दर वेळी तेच: मॅडम शिकवत नाहीत, उलट आम्हालाच विचारतात. तिची नेमणूक तात्पुरती. यंदा जागा कायम व्हायची होती. विभागप्रमुखांनी बोलावून सांगितलं, "मॅडम, तुमची तळमळ दिसते. मुलांचं समाधान दिसत नाही. ते दिसलं तरच मी तुमचं नाव पुढे पाठवेन."

"अगं, मग दे की त्यांना हवं ते," बहीण म्हणाली. "तुझ्या बापाचं काय जातं?" मलाही ते पटलं. तसं मी बोललोही.

तिनं मुलांना तयार टिपणं सांगायला सुरुवात केली. वर्गात चिडीचूप. फक्त तिचा आवाज: "स्वल्पविराम. पुढे लिहा." मुलं खूश. जिन्यात थांबून नमस्कार करू लागली. एकजण मला म्हणाला, "काका, मॅडम आता भारी शिकवतात हं." घरी येईपर्यंत तिचा घसा बसलेला असायचा. मला वाटलं, आता कुठे कष्टाचं काम करते आहे.

"मामा, हे कष्ट नाहीत. ही हमाली आहे."

"हमालीला नावं ठेवू नकोस. मी केली आहे. पोतं पाठीवर घेतानाही डोकं वापरावं लागतं."

"मग ही हमालीसुद्धा नाही," असं म्हणून ती ताटावरून उठली. खिडकीशी गेली, परत आली, पुन्हा गेली.

पाहणीच्या आदल्या दिवशी ती चाचणीचे पेपर तपासत होती. तेही फिरतच, एका हातात पेपर, दुसऱ्यात लाल पेन. एकदम थांबली. पेपर टेबलावर टाकून पुढचा उचलला, मग त्याच्या पुढचा.

"सगळ्यांनी एकच चूक केली आहे," ती म्हणाली. "माझी."

तिनं मला समजावून सांगितलं. कलमात होतं, विक्रेता गिऱ्हाइकाला माल तपासण्याची संधी 'देईल'. कायद्याच्या भाषेत 'देईल' म्हणजे द्यावीच लागेल. घाईत तिनं सांगितलं 'देता येईल'. म्हणजे मर्जी असेल तर. सक्ती होती तिथे मर्जी आली. ती सांगत होती तेव्हा कलमाचं पुस्तक प्रत्येकाच्या बाकावर होतं. एकानंही हात वर केला नव्हता.

तिनं विभागप्रमुखांना फोन लावला. पलीकडचा आवाज मलाही ऐकू येत होता. "पाहणी उद्याच आहे ना? ती होऊ द्या, मग सांगा. काय बिघडतं?"

"तोवर ते हेच खरं मानतील, सर."

"कायम झालात की जन्मभर दुरुस्त्या करत बसा."

बहिणीनं हात जोडले. "एक दिवस तोंड बंद ठेव गं बाई. तुला कुणी विचारलंय का?"

"तेच तर. कुणीच विचारलं नाही."

दुसऱ्या दिवशी मी बाकावर होतो. ती आत गेली, तपासलेले पेपर वाटले आणि हजेरी न घेताच म्हणाली, "पुस्तक उघडा. मी सांगितलं ते चूक होतं."

गलका झाला. "मॅडम, आम्ही पाठ केलंय ते!" पहिल्या बाकावरची मुलगी.

"पुस्तक समोर होतं. वाचलं कुणी?"

"तुम्ही सांगितल्यावर पुस्तक कशाला वाचायचं?" मागून कुणीतरी. वर्ग हसला.

"चूक तुमची, मग मार्क आमचे का कापले?" पुन्हा तीच मुलगी. या वेळी कुणी हसलं नाही.

"दावा लाव माझ्यावर," भाची म्हणाली. फळ्यावर 'प्रतिवादी' असं लिहून त्याखाली स्वतः उभी राहिली. "सिद्ध कर."

मुलगी उठली. शिक्षकावर विसंबणं हा विद्यार्थ्याचा हक्कच आहे, म्हणाली. दुसरा म्हणाला, हक्क आहे, पण डोळे मिटून? तिसरा कलम वाचू लागला, त्याला चौथ्यानं अडवलं. प्रतिवादीही गप्प बसणारी नव्हती. भाची चढ्या आवाजात स्वतःचा बचाव करत होती, अन् मुलगी तिला एकेका शब्दावर पकडत होती. माझी व्यायामाची वेळ टळून गेली. पुढच्या तासाचे सर दारात ताटकळत होते.

तेवढ्यात पाहणी आली. तापलेल्या डोक्यानंच मुलांनी फोन काढले.

समाधान घसरलं. एकानं शेरा लिहिला होता: मॅडमनी स्वतःची चूक आमच्याचकडून सिद्ध करून घेतली. गुण सर्वांत खालचे.

"एक दिवस थांबला असतात तर!" विभागप्रमुख व्हरांड्यात तिला म्हणाले. ते खरंच हळहळत होते. "आता पुन्हा वर्षभर तात्पुरत्या."

"सर, समाधान तुम्ही फोनवर बघता. शिकवणं बघायला वर्गात या. शेवटच्या बाकावर बसा."

"बघू, वेळ मिळाला की."

बहीण अजून तिच्याशी धड बोलत नाही. विभागप्रमुख अजून आलेले नाहीत. भाची मात्र रोज ते येणार असं धरूनच तयारी करते, आणि शेवटच्या बाकाची कडेची जागा मोकळी ठेवते. काल तिथं एका मुलानं बॅग टाकली होती. तिनं ती उचलायला लावली. तो वाकला असतानाच तिनं त्याला प्रश्न विचारला.