कोळपून जगवलेला शाळू
ताज्या कडब्याची गाडी शेजारून गेली, की त्या वासासरशी मला खटावकडचं आमचं काळं रान दिसतं. बहात्तरचा दुष्काळ सरल्यावरचा हिवाळा होता. नवरा पलटणीत होता, बैल दुष्काळात गेले होते. वाटणीत आम्हाला मिळालेल्या त्या रानात विहीर नव्हती, म्हणून परतीच्या पावसाच्या ओलीवर रब्बीची ज्वारी, शाळू पेरला. थंडी वाढली तशा जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा पडल्या. त्या बुजवल्या नसत्या तर उरलेली ओल उडून गेली असती. मग वरची माती हलवून भेगा बुजवायला, बैलानं ओढायचं कोळपं मी खांद्याला दोर लावून ओढलं आणि सासूबाईंनी ते मागून दाबून धरलं. मी दमले की त्या पुढं यायच्या. दोघींचे खांदे सोलून निघाले, पण शाळू डोक्यावर गेला, कणसं मुठीत मावेनात. काढणीच्या सकाळी थोरले दीर गाडी घेऊन बांधावर आले. म्हणाले, "हे रान माझ्या वाटणीचं हाय. तुमचं पलीकडचं, माळाचं." वाटणी सासूबाईंसमोरच झाली होती. मी म्हटलं, "आवं आत्ती, तुमी सांगा की." पदर सारखा करत त्या म्हणाल्या, "थोरला म्हणतोय तसंच हाय." सगळा शाळू दिरांच्या खळ्यावर गेला. घरी येताना मात्र सासूबाई हळूच बोलल्या, "मला त्याच्याच दारात म्हातारपण काढायचं हाय, पोरी." पुढं त्या अंथरुणाला खिळल्यावर दिरांनीच त्यांना माझ्याकडं आणून सोडलं. मी शेवटपर्यंत त्यांना न्हाऊमाखू घातलं. त्या गेल्या तेव्हा सगळं घर रडलं. मला रडू आलं नाही, आणि त्याचं मला अजूनही वाईट वाटत नाही.