मुमताज मॅडमचा विषाणू

झिंगा मारताना मुमताज मॅडम डोळे मिटायच्या नाहीत. डाव्या हाताने नांग्या दाबायच्या, उजव्याने डोळ्यांच्या मधोमध कात्री खुपसायच्या आणि म्हणायच्या, "माफ कर बाबा. पाहुणा आलास आणि घरच्यांनाच खाल्लंस." मग ते मांस खलबत्त्यात कुटायच्या. भोरच्या कॉलेजात त्या प्राणिशास्त्र शिकवत, मी शेजारच्या वर्गात रसायन. त्यांच्या कुटण्यापुढे माझं कोण ऐकणार?

पानशेतच्या एका बंगलेवाल्याने हौसेने पाळलेले, खेकड्यासारख्या नांग्यांचे परदेशी झिंगे हौद भरून वाहिल्यावर धरणात उतरले. त्यांनी माशांची पिल्लं खाल्ली, जाळी कातरली. पुढे बंगलेवाल्याने नवे झिंगे आणले आणि हौदात रोग आला. मॅडमनी मेलेल्यांचा रस जीवाणूही अडकतील अशा गाळणीतून गाळून धडधाकट झिंग्यांना टोचला. तेही मेले. "विषाणूच!" म्हणत त्या पोरीसारख्या नाचल्या. आता पुण्याच्या मोठ्या सूक्ष्मदर्शकाखाली तो दिसायचा बाकी होता. त्यासाठी ताजे आजारी झिंगे हवे होते.

पण ते आणायला निघायच्या सकाळीच, तोच रस टोचलेला ओढ्यातला खेकडा उलटा मरून पडलेला दिसला. तो मीच आमच्या हिर्डोशी गावाहून आणला होता. "पावसाळ्यात तुमच्याकडे कालवणाला दुसरं काय असतं हो?" एवढंच त्यांनी विचारलं. मग प्रयोगशाळेतलं सगळं उकळलं आणि जंतू मारायला विहिरीत टाकतात त्या टीसीएल पावडरीची गोणी घेऊन आम्ही पानशेत गाठलं.

हौदावर मासेमार ज्ञानोबा माणसं आणि बादल्या घेऊन हजर. "ही रोगी झिंगं आमी धरनात सोडनार. मरूंद्या तितली समदी!"

"ज्ञानोबा, खेकडेपण मरतील," मॅडम म्हणाल्या.

"मरूंद्यात! माजं जाळं कोन इणून देनार?"

मॅडमनी गोणी हौदात रिकामी केली. ज्ञानोबाने त्यांच्या हातावर वल्हं हाणलं. मनगट मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. मी मध्ये पडलो, तर त्याच्या दोघा माणसांनी मला चिखलात लोळवलं. एक बादली आधीच भरलेली होती. मॅडम तिच्यावर पडल्या, ती फरशीवर उपडी केली आणि एकेक तडफडणारा झिंगा चपलेने चिरडला. नाकातलं रक्त ओठांवर आलं होतं. रडत होत्या. मला वाटलं, हात दुखतोय.

"माझा विषाणू," त्या म्हणाल्या, "कुणी बघितलासुद्धा नाही."

तसे आजारी झिंगे पुन्हा कधी मिळाले नाहीत. पोलिसांत जायला त्यांनी साफ नकार दिला. "जाळं खरंच फाटलंय त्याचं," म्हणाल्या. मला मात्र अजून राग येतो.

पुढच्या पावसाळ्यात मी गावाहून त्यांच्यासाठी खेकड्याच्या कालवणाचा डबा नेला. त्या खेकडा खातच नाहीत, हे मला तेव्हा कळलं. वाकड्या मनगटाने त्यांनी झाकण उघडलं.

"पकडले तेव्हा जिवंत होते ना?"

"चांगले वळवळत होते."

"मग बसा. तुम्ही खा, मी बघते."