‘येतो’चं बटण

आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर मी, आणि हे मी अजूनही कोणी न विचारता सांगतो. नव्वदच्या दशकाच्या शेवटी जळगावात एका केळी व्यापाऱ्याकडे कामाला लागलो. शेठची हौस अशी, की शेतकऱ्यांनी कापणीची पाळी ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर स्वतः लावावी. त्यासाठीची सगळी पानं मी लिहिली.

सर्व्हर म्हणजे मुलखाचा विसराळू. एक पान दिलं की कोणाला दिलं, साफ विसरतो. म्हणून नाव आणि पासवर्ड टाकणाऱ्याला आतल्या आत एक टोकन मिळायचं. ते टोकन बघून सर्व्हर ओळख ठेवायचा. थोडा वेळ कोणी काही केलं नाही, की टोकन बाद.

इथेच फसलो. एरंडोलकडचे नाना, शेठचे सगळ्यात मोठे बागायतदार, एका बोटाने नाव टाकून चहाला उठले. परत आले तर पडद्यावर प्रश्न: ‘आपण कोण?’

“बठ्ठं गाव माले वयखस, आन् हाऊ डबा इचारस, कोन शेस तू?” नाना अहिराणीत कडाडले. अख्खं गाव ज्यांना ओळखतं, त्यांनाच डब्याने ‘तू कोण’ विचारलं होतं.

शेठने मला आत बोलावलं. “नानांचा माल दुसरीकडे गेला, तर तूही घरी.”

मी टोकनची मुदतच काढून टाकली. उठताना ‘बाहेर पडा’ हे बटण दाबा, एवढंच सगळ्यांना सांगितलं. कोणी दाबेना. नानाही न दाबताच उठले, आणि त्या खुर्चीवर आबा बसले. आबा म्हणजे नानांचे बांधाला बांध असलेले शेजारी. ‘नमस्कार नाना’ वाचून त्यांनी मिशीवरून हात फिरवला आणि सगळ्यांना दिसणाऱ्या सूचनांच्या पानावर लिहिलं: ‘आबांचे घड पाहिले की मला माझ्या केळीची लाज वाटते. आपला, नाना.’

ऑफिस हसून लोळलं. नाना लालबुंद. “शेठ, माल दुसरीकडे देतो मी!”

शेठने माझ्याकडे पाहिलं. मी घाईने विचारलं, “नाना, उठताना बटण का नाही दाबलं?”

“निघताना ‘बाहेर पडतो’ म्हणतं का कोणी? अपशकुनी बटण तुझं.”

पदवी राहिली बाजूला. तिथल्या तिथे मी बटणावर ‘येतो’ लिहिलं. नानांनी पुन्हा खुर्चीत बसून आपली पाळी पाहिली आणि बटण दाबलं. “येतो रे भाऊ,” असं डब्याला तोंडानेही सांगितलं.

मग आबांनी स्वतःचं नाव टाकून पाळी लावली. पण पोराच्या बटणाला ते कशाला भीक घालतात? तसेच चहाला गेले. नाना खुर्चीत. पडद्यावर ‘नमस्कार आबा’. नानांनी माझ्याकडे पाहिलं, मी पंख्याकडे.

‘मागची सूचना मीच लिहिली. खरी केळी नानांचीच. आपला, आबा.’

एवढं लिहून नानांनी आबांच्या वतीने अदबीने ‘येतो’ दाबलं. “शेठ, माल आठेच राही. पोऱ्या शिकेल शे.” माल इथेच राहिला, आणि मी शिकलेला ठरलो.

त्यानंतर ‘येतो’ न म्हणता त्या खुर्चीवरून कोणी उठलं नाही. आबा तर दोनदा दाबायचे.